मुलाच्या अंगावर पुरळ उठलं, तर डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरी काय करायचं

रात्री कपडे बदलताना पोटावर लाल ठिपके दिसतात. दुपारी अंघोळ घातली तेव्हा काहीच नव्हतं. मूल कुरकुरतंय, खाजवतंय, आणि डॉक्टरांची वेळ उद्याची आहे. अशा वेळी औषधांचा डबा उघडला जातो आणि त्यातली एखादी अर्धी वापरलेली ट्यूब हाताला लागते. त्या ट्यूबचं झाकण उघडण्याआधी हा लेख वाचा.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी ते झाकण उघडलं होतं. तिच्या मांडीवर नाण्याएवढा गोल चट्टा होता, कडेला बारीक कोंडा सुटलेला. घरात एक मलम होतं, ते लावलं. दोन दिवसांत लाली गेली, खाज थांबली, मी निश्चिंत झाले. पंधरा दिवसांत तोच चट्टा तळहाताएवढा पसरला आणि त्याला धड आकारही राहिला नाही. तो नायटा होता आणि मलमात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, पण बुरशीला रान मोकळं मिळतं. शिवाय नायटा ज्यावरून ओळखायचा ती गोल कडच पुसली जाते. त्वचेचा कोंडा खरवडून तपासायला पाठवावा लागला आणि महिनाभराचं दुखणं तीन महिन्यांवर गेलं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की घरी रोगाचं निदान करत बसू नये. घरच्यांची कामं चार: धोका आहे का ते बघायचं, त्वचेला जे छळतंय ते दूर करायचं, मुलाला आराम पडेल असं करायचं, आणि डॉक्टरांना खरं चित्र दिसेल असं ते जपायचं. पुढचा सगळा क्रम याच चार कामांचा आहे.

आधी मूल बघा, पुरळ नंतर

पुरळ कितीही भयंकर दिसलं तरी मूल खेळतंय, पितंय, शू करतंय, तुमच्याकडे बघून हसतंय, तर बहुतेक वेळा तुमच्या हातात वेळ आहे. उलट चार-दोन ठिपकेच आहेत पण मूल मलूल आहे, उठवलं तरी नीट जागं होत नाही, मान टाकतंय, तर ते ठिपके किती आहेत हे मोजत बसू नका. ताप मोजा, श्वास बघा, ओठ आणि जीभ बघा. अंगभर नजर टाकायची म्हणजे खरोखर अंगभर: काखेत, जांघेत, कानांमागे, तळव्यांवर, डायपरच्या आत.

खालीलपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय तिथेच थांबवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

- श्वास घेताना त्रास, घरघर, आवाज बसणं, ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं. अंगावर गांधी, म्हणजे पित्ताचे फुगीर चट्टे, उठून सोबत उलट्या होणं किंवा मूल एकदम गळून जाणं. ही तीव्र ॲलर्जी असू शकते. डॉक्टरांनी आधीच ॲड्रेनॅलिनचं पेन, म्हणजे घरी टोचायचं तयार इंजेक्शन, दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच टोचा, मग रुग्णवाहिका बोलवा. मुलाला आडवं ठेवा. श्वास लागत असेल तर बसवलं तरी चालेल, पण उभं करू नका, चालवू नका.
- ताप आणि दाबल्यावर फिके न होणारे लाल-जांभळे ठिपके.
- तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. इथे पुरळ असो वा नसो, वाट बघायची नाही.
- त्वचा भाजल्यासारखी लाल होऊन पापुद्रे सुटणं, किंवा नुसता हात लावला तरी मूल किंचाळणं.
- नवीन औषध सुरू केल्यावर आलेलं पुरळ आणि सोबत तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड.
- महिन्याच्या आतल्या बाळाला पाण्याचे किंवा पुवाचे फोड.

पाच दिवस किंवा त्याहून जास्त टिकलेला ताप, लाल डोळे, फुटलेले लालभडक ओठ, सुजलेले हातपाय आणि पुरळ असं एकत्र दिसलं तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. हा कावासाकी आजार असू शकतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो आणि उपचार वेळेत सुरू झाले तर तो पुष्कळ कमी होतो.

काचेच्या पेल्याची चाचणी

ही प्रत्येक घरात माहीत असावी. स्वच्छ, पारदर्शक काचेचा पेला घ्या आणि त्याची बाजू ठिपक्यांवर घट्ट दाबा. काचेतून बघा. साध्या पुरळाची लाली दाबल्यावर फिकी होते, कारण त्या जागी रक्तवाहिन्या फक्त फुगलेल्या असतात आणि दाबाने त्यातलं रक्त बाजूला सरकतं. रक्त वाहिन्यांच्या बाहेर झिरपलेलं असेल तर ते सरकायला जागाच नसते, आणि ठिपका काचेखाली तसाच दिसत राहतो. ताप आलेल्या मुलात असे ठिपके मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) किंवा रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाची खूण असू शकतात. तिथे तासांचा हिशेब असतो.

दोन गोष्टी सांगून ठेवते. सावळ्या किंवा गडद त्वचेवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातली टाळू इथे शोधा. आणि पहिल्या वेळी ठिपके फिके झाले म्हणून चाचणी संपली असं समजू नका. सुरुवातीला फिकं होणारं पुरळ काही तासांत बदलू शकतं. मूल आजारी वाटत असेल तर चाचणी पुन्हा पुन्हा करा, आणि मूल फारच आजारी वाटत असेल तर पुरळाचीही वाट बघू नका.

नीट बघणं आणि टिपून ठेवणं

धोक्याचं काही नाही अशी खात्री पटली की काहीही लावण्याआधी फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता. एक फोटो लांबून, म्हणजे पुरळ अंगावर कुठे आणि किती आहे ते कळेल; एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात काढलेल्या फोटोवरून डॉक्टरांना रंगाचा काही बोध होत नाही. गांधीसारखं पुरळ तर दवाखान्यात पोचेपर्यंत गायब झालेलं असतं, तिथे फोटो हाच पुरावा.

रंगाबद्दल एक सांगायला हवं. 'लाल चट्टे' हा शब्द सगळीकडे वापरला जातो, पण गडद त्वचेवरची आग लाल दिसेलच असं नाही. ती तपकिरी, जांभळट, राखाडी किंवा आजूबाजूपेक्षा फक्त काळसर दिसते. म्हणून डोळ्यांइतकाच हातावर भरवसा ठेवा. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा: जागा गरम लागते का, फुगीर आहे का, खरखरीत आहे का, दाबल्यावर मूल कळवळतं का. गरम, दुखरी, टणक आणि पसरत जाणारी सूज म्हणजे त्वचेखाली जंतुसंसर्ग असण्याची शक्यता. तिची कड बॉलपेनने आखून ठेवा आणि वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी दाखवायचं. ताप असेल तर लगेच.

लावण्याआधी काढून टाका

त्वचा चिडलेली असते तेव्हा आपला हात काहीतरी लावायला शिवशिवतो. पण बहुतेक वेळा आराम मिळतो तो काहीतरी काढून टाकल्याने. गेल्या दोन-तीन दिवसांत काय नवीन आलं ते आठवा: साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर, कपडे मऊ करणारं द्रव, न धुता घातलेला नवा कपडा, ओले पुसणे (वेट वाइप्स), तेल, क्रीम, सनस्क्रीन, चेहरारंग, दागिना, नवं औषध, पहिल्यांदाच दिलेला पदार्थ. आणि जागा काय सांगते तेही बघा. बेंबीखालीच एक खरखरीत ठिपका असेल तर पँटच्या धातूच्या बटणातलं निकेल असू शकतं. तोंडाभोवती आणि हनुवटीवर लाली असेल तर बहुधा लाळ. मानेच्या घडीत असेल तर घाम किंवा ओघळलेलं दूध. मनगटावर पट्ट्यासारखी असेल तर घड्याळ. कपड्याच्या इलॅस्टिकखाली सरळ रेषेत असेल तर इलॅस्टिक.

संशयित गोष्ट बंद करा. अंगावर काही सांडलं किंवा लागलं असेल तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. रसायन असेल तर कपडे काढून निदान २० मिनिटं पाणी सोडत राहा. त्यानंतर सुगंध असलेलं सगळं, 'बेबी' असं लिहिलेलंसुद्धा, काही दिवस कपाटात राहू दे. कपडे सुती, सैल, आणि एक जादा पाण्यातून काढलेले असावेत.

खाण्याचा संशय मात्र जपून घ्या. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी किंवा सूज आली तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. पण महिनोन्महिने चालणाऱ्या कोरड्या खाजेसाठी मनाने दूध बंद, अंडं बंद, गहू बंद असं करू नका. वाढत्या मुलाचं पोषण तुटतं, आणि त्वचा बहुतेक वेळा आहे तशीच राहते.

पाणी, टॉवेल आणि ओलावा

अंघोळ बंद करायची गरज नाही. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, बस. गरम पाण्याने खाज तेवढ्यापुरती थांबते आणि मग दुपटीने येते, कारण त्वचेतली तेलकट संरक्षक परत धुऊन जाते. साबणाचंही तेच. निरोगी त्वचेचा सामू (pH) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा ९ ते १०. चिडलेल्या त्वचेवर रोज ही ओढाताण कशाला? सुगंध नसलेलं, साबणविरहित सौम्य क्लिन्झर वापरा, तेही मळलेल्या जागांपुरतं. जंतुनाशक द्रव पाण्यात टाकू नका.

टॉवेलने पुसताना घासायचं नाही, टिपायचं. अंग जरा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. कोरड्या, खरखरीत त्वचेसाठी मलम सगळ्यात चांगलं, त्याखालोखाल क्रीम. लोशनमध्ये पाणी जास्त, म्हणून ते सगळ्यात कमी टिकतं. पेट्रोलियम जेली साधी आहे, पण वाईट नाही. तिच्यात सुगंध किंवा परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसेल तर ॲलर्जीची शक्यता फारच कमी. डब्यात बोटं बुडवू नका, चमच्याने काढून घ्या. केसांच्या वाढीच्या दिशेने हलकेच पसरवा. उलट चोळलं तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन असलेली मलमं कपड्यांत, चादरीत मुरतात आणि वाळल्यावर ते कापड पटकन पेट घेतं. अशा मुलाला शेगडी, मेणबत्ती, सिगारेट यांपासून लांब ठेवा.

जिथे त्वचा ओली आहे, लस (चिकट पाणी) येतेय किंवा घाम साचलाय, तिथे मात्र वरचं सगळं लागू नाही. तिथे जाड मलमाने झाकण घातल्यासारखं होतं. ती जागा मोकळी, थंड आणि कोरडी ठेवा. लस येत असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापड बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा.

खाज कशी थांबवायची

मुलाला 'खाजवू नकोस' सांगून काही होत नाही. त्यापेक्षा नखं कापा आणि कडा घासून गुळगुळीत करा. गार पाण्याची घडी पाच ते दहा मिनिटं ठेवा. बर्फ ठेवायचाच तर कापडात गुंडाळून. थेट त्वचेवर ठेवल्यास ती गारठून जखम होते. खोली गार ठेवा, पांघरूण हलकं घ्या. खाज रात्री वाढते, कारण अंथरुणात अंग तापतं आणि मन गुंतायला काही नसतं. मोठ्या मुलाला खाजवण्याऐवजी त्या जागी तळवा दाबून धरायला शिकवा. सवय व्हायला वेळ लागतो, पण जमतं. न फुटलेल्या त्वचेवर कॅलामाइन लोशन चालतं, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ नको. ते वाळलं की त्वचा कोरडी करतं, त्यामुळे मुळातच कोरड्या इसबावर लावून उपयोग नाही.

खाजेच्या गोळीचं किंवा सिरपचं काय? गांधी उठली असेल तर झोप न आणणारं अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीचं औषध, उपयोगी पडतं. पण मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना फोन करूनच द्या. मूल झोपावं म्हणून गुंगी आणणारं औषध देऊ नका. लहान बाळांमध्ये त्याने श्वास मंदावू शकतो.

डायपरची लाली

घरात सगळ्यात जास्त वेळा येणारं दुखणं हेच, आणि घरीच बहुतेक बरं होणारंही हेच. लघवी आणि शी एकत्र बराच वेळ त्वचेला लागून राहिली की तिची आग होते; जुलाब सुरू असतील तर काही तासांत सोलवटल्यासारखं होतं. त्यामुळे पहिला उपाय मलम नव्हे, घड्याळ. डायपर भरण्याची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी, आणि शी झाली की त्याच क्षणी बदला. धुताना कोमट पाणी आणि मऊ कापूस; पुसण्यांत सुगंध आणि अल्कोहोल नको. टिपून कोरडं करा आणि दिवसातून जितका जमेल तितका वेळ बाळाला उघडं राहू द्या. अंथरूण ओलं होईल, होऊ दे.

मग झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली. ती अंगात मुरवायची नसते. केकवर आयसिंग द्यावं तसा जाड थर द्यायचा. पुढच्या वेळी तो थर स्वच्छ असेल तर खरवडून काढू नका, वरचा मळका भाग तेवढा टिपा आणि त्यावरच नवा थर द्या. बरंच नुकसान त्या घासण्यानेच होत असतं.

आता घड्या बघा. साध्या आगीत लाली मांड्या-ढुंगणाच्या फुगीर भागांवर असते आणि जांघेच्या खोल घड्या बऱ्याचदा सुटतात, कारण तिथवर डायपर टेकत नाही. घड्यांमध्येच लालभडक असेल आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर लहान लहान पुळ्या विखुरलेल्या असतील तर कँडिडा नावाच्या बुरशीची शंका घ्या, विशेषतः बाळाला नुकतंच अँटिबायोटिक दिलेलं असेल तर. तिला बुरशीचं मलम लागतं. नीट काळजी घेऊनही दोन-तीन दिवसांत फरक नसेल, फोड आले, रक्त आलं, किंवा ताप आला तर दाखवा. आणि डायपरखाली स्टिरॉइड स्वतःच्या मनाने कधीही नको: त्वचा तिथे पातळ, वरून डायपरचं झाकण, त्यामुळे औषध कितीतरी पटीने आत शिरतं.

इसब, म्हणजे कोरडी खाज पुन्हा पुन्हा येणं

बाळांमध्ये गाल, डोकं आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजू. मोठ्या मुलांत कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्या. घरात कुणाला दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा इसब असेल तर शंका बळावते. यात त्वचेची भिंतच कच्ची असते, म्हणून मॉइश्चरायझर हेच इथे औषध आहे आणि ते बरं वाटत असतानाही दिवसातून निदान दोनदा लावायचं असतं. किती? बहुतेक आईबाप फार कमी लावतात. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. लहानशी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते पुरेसं लावलंच जात नाहीये.

डॉक्टरांनी इसबासाठी स्टिरॉइड क्रीम दिलेलं असेल तर त्याला घाबरून ते अर्ध्यावर सोडू नका. मी आधी जे सांगितलं ते निदानाशिवाय लावलेल्या स्टिरॉइडबद्दल. निदान झाल्यावर, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते सुरक्षित आणि गुणकारी आहे. प्रमाणासाठी मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ धरा: साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा भागते. मॉइश्चरायझर आणि हे क्रीम यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा.

इसब असलेल्या मुलाला अचानक एकसारख्या आकाराचे, दुखरे, टोचून काढल्यासारख्या खड्ड्यांचे फोड आले आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हर्पिसचा विषाणू इसबावर पसरला की मूल फार आजारी पडू शकतं, आणि डोळ्यांजवळ तो पोचला तर नजरेला धोका असतो.

बाकीची नेहमीची पुरळं

घामोळ्यात घामाच्या नळ्या तुंबलेल्या असतात. गारवा, पंखा, सैल कपडे, पुरे. तेल आणि मलम लावू नका, नळ्या आणखी तुंबतात. टाल्कम पावडर घामात भिजून घट्ट होते आणि तिची धूळ बाळाच्या फुप्फुसात जाते, ती तर नकोच.

अंगावर पित्त उठलं, म्हणजे गांधी आली, की प्रत्येक चट्टा काही तासांत जागा बदलतो आणि एकाच जागी सहसा २४ तासांपेक्षा जास्त टिकत नाही. मुलांमध्ये यामागे बऱ्याचदा साधा विषाणूसंसर्ग असतो, खाण्याचा काही संबंध नसतो. एखाद्या चट्ट्याभोवती पेनाने रेघ आखून ठेवली तर तो हलतो की नाही हे सहज कळतं.

खाज रात्री फार, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुळ्या, आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, तर खरजेचा विचार करा. बाळांमध्ये ती तळव्यांवर आणि डोक्यावरही येते. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घेतल्याशिवाय ती जात नाही, एकट्या मुलाला मलम लावून महिनोन्महिने निघून जातात. धुता न येणाऱ्या वस्तू बंद पिशवीत तीन दिवस ठेवल्या की किडे मरतात.

मधासारख्या पिवळ्या खपल्या, बहुधा नाकातोंडाभोवती: हा जंतुसंसर्ग आहे आणि पसरतो. टॉवेल-उशी वेगळी करा, खपल्या कोमट पाण्याने भिजवून हलक्या हाताने टिपा, हात धुवा आणि दाखवा. अँटिबायोटिक सुरू होऊन ४८ तास होईपर्यंत किंवा खपल्या वाळेपर्यंत शाळा-पाळणाघर नको.

कांजण्यांत फोड टप्प्याटप्प्याने येतात, एकाच वेळी नवे ठिपके, पाण्याचे फोड आणि खपल्या दिसतात. तापाला पॅरासिटामॉल, वजनानुसार. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही, त्यातून राय सिंड्रोम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. कांजण्यांत आयब्युप्रोफेनही टाळतात. सगळ्या खपल्या धरेपर्यंत गर्भवती स्त्रिया आणि तान्ह्या बाळांपासून दूर. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून सांगा, म्हणजे तिथेही तुम्हाला वेगळं बसवता येईल.

मधमाशीचा काटा दिसला की तो कसा काढायचा यावर वेळ घालवू नका, नखाने काढा, लगेच काढा. जितका वेळ राहील तितकं विष उतरतं.

काय लावायचं नाही

लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्वचेवर लावलेलं औषध त्याच्या रक्तात मोठ्यांपेक्षा जास्त भरतं. कापूर आणि कापूर असलेले बाम लहान मुलांना झटके आणू शकतात. बोरिक पावडर, सॅलिसिलिक ॲसिड, बधिर करणारी बेंझोकेनची मलमं, व्हिनेगर, लिंबू, टूथपेस्ट, केरोसीन, स्पिरिट: यांपैकी काहीच नाही. 'नैसर्गिक' पाला किंवा लेपही फुटलेल्या त्वचेवर नको. वनस्पतींच्या रसानेही त्वचा पोळते आणि रंगीत लेपाखाली डॉक्टरांना काही दिसत नाही.

आणि ती अर्धी ट्यूब. तिच्यावरची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही एकत्र असलेली मलमं सगळ्यात फसवी, कारण कुठलंही पुरळ त्यांनी दोन दिवस बरं दिसतं.

नवं मॉइश्चरायझर आणलंत तरी आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा, मग अंगभर.

किती वाट बघायची, आणि जाताना काय न्यायचं

मूल मजेत आहे आणि पुरळ कमी होतंय, तर दोन-तीन दिवस घरी सांभाळायला हरकत नाही. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नाही, रोज पसरतंय, खाजेने झोप उडालीय, पू किंवा वास येतोय, चेहऱ्यावर डोळ्यांजवळ आहे, किंवा तेच पुरळ पुन्हा पुन्हा येतंय, तर दाखवा. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तर फोन तरी त्याच दिवशी करा. आणि वरच्या कुठल्याही यादीत बसत नसलं तरी तुमच्या मनाला मूल बरं वाटत नसेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे. रोज त्याला बघणाऱ्या माणसाला जे जाणवतं ते डॉक्टरही गांभीर्याने घेतात.

जायच्या दिवशी सकाळी अंगाला मलम, पावडर, लोशन काही लावू नका. कपडे पटकन काढता येतील असे घाला. फोटो तारखेनुसार लावून ठेवा. आणि एका कागदावर एवढं लिहा: पहिल्यांदा कधी आणि कुठे दिसलं, कुठे पसरलं, खाज आहे की दुखतंय, ताप किती आणि कधी, गेल्या दोन आठवड्यांतली औषधं आणि लसी, घरात-शाळेत आणखी कुणाला आहे का, घराण्यात दमा-ॲलर्जी आहे का, आणि आतापर्यंत काय काय लावलं. शेवटचं लपवू नका. मला त्या ट्यूबबद्दल सांगायला संकोच वाटला होता आणि तपासणीची पहिली दहा मिनिटं त्यात गेली. आता मी सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालूनच नेते आणि टेबलावर रिकामी करते.

निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: हे दुसऱ्या मुलांना लागतं का, मलम नेमकं कुठे आणि किती दिवस लावायचं, आणि काय दिसलं तर ठरलेल्या दिवसाच्या आधीच परत यायचं. उत्तरं ट्यूबच्या खोक्यावरच लिहा, तारखेसकट. उपचार संपला की उरलेली ट्यूब औषधांच्या डब्यात परत ठेवू नका, टाकून द्या.